गोमुखीतला डावा हात

आमच्या आजोबांना कोणीही आवडत नाही, आणि या बाबतीत ते कधी पक्षपात करत नाहीत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पूर्ण नाव गोविंद सदाशिव दफ्तरदार, वय एकाहत्तर, राहणार सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये अडतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची वीस हेड क्लार्क म्हणून. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘हं’ने सुरू होतं. हा होकाराचा हं नाही. तो नाकातून निघतो आणि टेबलावर फाईल आपटावी तसा समोरच्यावर आदळतो. “हं. आलात?” म्हणजे उशीर केलात. “हं. चहा वाटतं?” म्हणजे हे पाणी आहे. मी हा हं हुबेहूब काढते. एकदा दाराआडून काढला तर दूधवाला माप न करताच पळाला होता.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना अण्णांच्या हातातून ब्रश पडला, मग अण्णा पडले. पक्षाघाताचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ वाचली. झटक्याने निवड जरा चुकवलीच, असं घरात सगळ्यांचं मत आहे, पण ते बोलून दाखवायची हिंमत फक्त आजीत आहे, आणि तिने ते दवाखान्यातच बोलून दाखवलं.

पाय दोन महिन्यांत काठीपुरता परत आला. हात आला नाही. बोटं अर्धवट उघडायची आणि मुठीत चिल्लर धरल्यासारखी पुन्हा मिटायची. अण्णा सगळं डाव्या हाताने करायला लागले आणि उजवा मांडीवर ठेवून द्यायचे, कोणाची तरी विसरलेली छत्री सांभाळावी तसा.

आणि मग महाराज बाड्यावरच्या, म्हणजे आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या मुख्य चौकातल्या, बँकेत ते झालं.

पेन्शन काढायला बाबा त्यांना घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा चांगला होता बिचारा. त्याने हात पाहिला, ड्रॉवरमधून निळं स्टॅम्प पॅड काढलं आणि पुढे सरकवलं. “बाबूजी, अंगूठा लगा दीजिए. आसान रहेगा.”

यात काय एवढं, असं कोणाला वाटेल. पण ते पॅड आयुष्यभर अण्णांनी दुसऱ्यांपुढे सरकवलं होतं. पगाराच्या दिवशी रजिस्टर त्यांच्या टेबलावर असायचं. ज्याची सही त्यांना पसंत नाही, त्याच्यापुढे पॅड. “हं. ही सही आहे की मुंगळा मेलाय? अंगठा लावा.” सगळ्या ऑफिससमोर. सगळ्यात जास्त वेळा हे दौलतसिंह मोऱ्यांच्या वाट्याला आलं. दौलतसिंह त्याच रेकॉर्ड रूममध्ये बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले फायलींचे गठ्ठे, उचलायला होते. त्यांचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन इथे आले, आणि आठवीनंतर शाळा सुटली तरी मान काही खाली आली नाही. सही येत होती, वाकडी येत होती. अण्णांनी एकोणीस वर्षं त्यांना अंगठा लावायला लावला. दौलतसिंह रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून शाल दिली, आणि अण्णांनी स्वतःतर्फे एक नवं कोरं स्टॅम्प पॅड दिलं. कागदात गुंडाळून, वर रिबीन लावून. ही गोष्ट अण्णा आम्हाला हसत हसत सांगायचे.

तर बँकेत अण्णांनी स्लिप फाडली. डाव्या हाताने आणि दातांनी.

“अण्णा, डाव्या हाताने सही करा ना,” बाबा म्हणाले.

“हं. डाव्या हाताने काय करतात ते तुला लहानपणी मीच शिकवलंय, अभिराम. मी उजव्या हाताने सही करीन. नाही झाली तर पैसे तिथेच राहू देत. अंगठा लावणार नाही.”

*

थाटीपूरला एक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे पक्षाघातानंतरच्या हातावर संशोधन चाललंय, हे आईला कुठूनसं कळलं. आईचं नाव मंजिरी. सासऱ्यांशी ती कमीत कमी शब्दांत बोलते. “चला,” ती म्हणाली, आणि अण्णा चक्क गेले.

संशोधन करणाऱ्या ताईंचं नाव सीमंतिनी. त्या प्रत्येक वाक्याला मागून ‘ठीक आहे ना’चा टेकू लावतात. “झटक्यानंतर माणूस फक्त बरा हात वापरत राहतो, ठीक आहे ना? मग मेंदू आजारी हाताचं खातंच बंद करून टाकतो, ठीक आहे ना? म्हणून आम्ही अर्ध्या पेशंटांच्या बऱ्या हाताला रोज पाच तास मोजा घालणार, म्हणजे आजारी हाताला काम करावंच लागेल. बाकी अर्ध्यांना नेहमीचा व्यायाम. तीन आठवड्यांनी दोन्ही गटांची तुलना. ज्यांना आता मोजा मिळणार नाही, त्यांना नंतर मिळेल. ठीक आहे ना?”

“हं. ठीक आहे की नाही ते मी ठरवीन. कोणाला मोजा, हे कोण ठरवतं?”

“चिठ्ठी. बंद लिफाफा असतो.”

“लॉटरी? सरकारी पैशाने लॉटरी?”

“मी निवडायला लागले तर मला आवडणाऱ्यांना मोजा देईन, अण्णा.”

“आणि मी आवडत नाही?”

“अजून ठरलेलं नाही,” सीमंतिनीताई म्हणाल्या. आई चेहरा लपवायला पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

आधी मोजमाप झालं. एक लाकडी पेटी, मध्ये उभी पाटी, एका बाजूला पुष्कळ छोटे ठोकळे. एका मिनिटात आजारी हाताने जमतील तेवढे पाटीवरून पलीकडे टाकायचे. अण्णांचे नऊ झाले. मोजणाऱ्या गरिमामॅडम वेगळ्या. कोण कोणत्या गटात, हे त्यांना मुद्दाम कळू देत नाहीत. “मुझे कुछ मत बताइएगा प्लीज,” त्या दर दोन मिनिटांनी म्हणतात, इतक्या घाईने की आपल्याकडे नसलेलं गुपितही सांगावंसं वाटतं.

मग लिफाफा उघडला. ब गट. नेहमीचा व्यायाम. मोजा नाही.

अण्णा भणभणत बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारे बसले होते, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आणि डाव्या हातात विकेटकीपरचा वाटावा असा जाड निळा मोजा.

“राम राम, साहब,” दौलतसिंह म्हणाले.

अण्णा थांबले. “हं. तुम्हालाही?”

“झटका आला. तुमच्याच महिन्यात. वाटलं, साहेबांच्या मागे मागेच चालायची आदत आहे.” त्यांनी मोजा वर करून दाखवला. “मला अ गट मिळाला. तुम्हाला?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मतलब ब.” दौलतसिंहांच्या मिशा दोन्ही बाजूंना सरकल्या. “ठोकळे किती?”

“नऊ.”

“माझे अकरा. ऐकलं, बँकेत अंगठा मागितला. लावून टाकायचा ना साहब, आपल्याला लाज कसली? पॅड पाहिजे तर माझ्याकडे आहे. रिबीनसुद्धा सोडली नाही अजून.”

परत येताना ई-रिक्षात अण्णा एक शब्द बोलले नाहीत. थाटीपूर ते सराफा, सगळं शहर ओलांडून. आई म्हणते तिच्या लग्नापासूनचा तो सगळ्यात सुखाचा प्रवास.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी देवघराच्या कपाटातून पणजोबांची गोमुखी मागितली. गोमुखी म्हणजे जपाची माळ आत ठेवून हात घालायची कापडी पिशवी, मोजत असलेली बोटं कोणाला दिसू नयेत म्हणून. पणजोबा सदाशिवरावांची लाल बनातीची होती, जाड लोकरी, मनगटाशी नाडी.

आजी, म्हणजे सुनंदा दफ्तरदार, हिने पंचेचाळीस वर्षं या माणसाला देवासमोर उभं करायचा प्रयत्न केलाय. तिचे डोळे भरून आले. मग पुसून झाल्यावर तिला दिसलं. “अहो, डाव्या हातात घातलीत. जप उजव्याने करतात.”

“हं. उजवा मेलाय. देवाला कळत नाही का?”

“पण नाडी इतकी घट्ट कशाला?”

“मन चळतं,” अण्णा म्हणाले.

सकाळी आठ ते दुपारी एक, रोज पाच तास. बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून, डावा हात गोमुखीत. त्या पाच तासांत पेला उजव्या हाताने, पेपर उजव्या हाताने, चष्मा उजव्या हाताने. पहिल्या दिवशी चष्मा कानाऐवजी नाकपुडीत गेला. वरण सदऱ्यावर, पोहे मांडीवर. आजी भरवायला गेली की, “हं. लांब. व्रत आहे.” पेला पडला की पेल्याला शिव्या, फरशीला शिव्या, पेला बनवणाऱ्याच्या बापाला शिव्या, आणि मध्येच एकदम, कोणी पाहतंय म्हणून, डोळे मिटून ओठ हलवणं.

पाहत होत्या वरच्या मजल्यावरच्या सुधाताई. त्यांचं भजनी मंडळ आहे, आणि बोलताना त्या शेवटचा स्वर ओढत जिना चढवतात. “अग्गं बाईईई! सुनंदाऽऽ! हे कधीपासून गंऽऽ?” गुरुवारी मंडळातल्या आठ जणी आल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि प्रसादाची वाट पाहत उभ्या राहिल्या.

डावा हात जपात. आजीने खडीसाखरेची वाटी पुढे ठेवली. आता द्यायचं ते उजव्याने.

पहिल्या बाईला देताना अण्णांची बोटं वाटीत शिरली, मिटली, आणि वाटी उलटी झाली. आठही जणींनी जमिनीवरचे खडे भक्तिभावाने वेचून घेतले. “पहा गंऽऽ,” सुधाताई म्हणाल्या, “स्वतः नाही देत. वाकायला लावतात. अहंकार जातोऽऽ.”

“हं. तुमचा जायला पोतं लागेल,” अण्णा म्हणाले.

बायका धन्य झाल्या. संत माणसं अशीच तिरसट असतात, हे मंडळात एकमताने ठरलं. पुढच्या आठवड्यात रोज कोणी ना कोणी यायचं. एका गृहस्थाने मुलाचं लग्न कधी जमेल विचारलं. “हं. मुलगा काय करतो? काही नाही? मग त्या मुलीने काय पाप केलंय?” गृहस्थ जिन्यात बायकोला म्हणाले, “कितना साफ बोलते हैं!” प्रत्येक जण नमस्कार करणार, म्हणजे डोक्यावर हात ठेवायला उजवा खांद्यातून उचला. प्रत्येकाला खडा, म्हणजे अंगठा आणि बोट जुळवा. ज्याचा राग जास्त त्याला खडा लहान. लहान खडा उचलायला सगळ्यात अवघड, आणि अण्णांना राग सगळ्यांचाच. तिसऱ्या आठवड्यात ते वाटीच्या तळाशी बोट फिरवून साखरेचा कण शोधायचे आणि सुधाताईंच्या तळहातावर ठेवायचे, इतका बारीक की त्यांना चष्मा लावून पाहावा लागायचा.

रात्री जेवणानंतर जुन्या डायरीत सही. पहिल्या आठवड्यात नुसती रेघ. दुसऱ्यात ‘गो’ ओळखू यायचा. तिसऱ्यात, वाकडं तर वाकडं, ‘गोविंद दफ्तरदार’. नावाखाली ते लिहायचे: “मोरे — ११.” आणि डायरी फाडकन मिटायचे.

थाटीपूरला मात्र आठवड्यातून तीनदा जाऊन गरीब गाईसारखा नेहमीचा व्यायाम. गोमुखी घरी. घरात कोणालाही खरं माहीत नव्हतं. आई सोडून. तिने एकदा फक्त म्हटलं, “बरोबर पाच तास जप होतो. सहा नाही, चार नाही.” अण्णांनी तिला सगळ्यात मोठा खडा दिला. आम्ही त्याला लाच म्हणतो.

*

शेवटचं मोजमाप. परीक्षा होती त्यांची, आणि मला सुट्टी होती, म्हणून मीही गेले.

व्हरांड्यात दौलतसिंह. त्यांचं होऊन गेलं होतं. “चोवीस,” त्यांनी लांबूनच सांगितलं. “बसा साहब, आराम से. ब गटाला घाई नसते.”

अण्णा आत गेले. गरिमामॅडमनी घड्याळ लावलं. ठोकळ्यांचा आवाज मी बाहेरून ऐकला, टक, टक, टक, मग एक मोठा ठप्प आणि “हं, मेल्या!”, मग पुन्हा टक, टक.

एकवीस.

दौलतसिंहांपेक्षा तीन कमी. अण्णांचा चेहरा असा झाला की पेटीच उचलून फेकतात. पण सीमंतिनीताई आल्या त्या जवळजवळ नाचत.

“अण्णा! नऊवरून एकवीस! ब गटात एवढं कोणाचंच नाही, ठीक आहे ना? म्हणजे तुम्ही दाखवून दिलंत, नुसत्या नेहमीच्या व्यायामानेसुद्धा इतका फरक पडू शकतो! मी हे खास लिहिणार आहे.” त्यांनी एक कागद पुढे ठेवला. “फक्त इथे सही. जमेल तशी.”

हिंदीत छापलेला कागद. मैंने इस अवधि में केवल बताए गए व्यायाम किए. खाली रेघ, हस्ताक्षर अथवा अंगूठा.

पेन अण्णांच्या उजव्या हातात होतं. धरलेलं होतं, नीट. याच रेघेसाठी तीन आठवडे वरण सांडलं होतं. दारात दौलतसिंह येऊन उभे राहिले होते, बघायला.

“करा ना साहब. की पॅड मागवू?”

अण्णांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. रेकॉर्ड रूमचं त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण त्यांनी ते पोळी वाढतानाही म्हटलंय: हरवलेला कागद कधीतरी सापडतो, चुकीच्या बस्त्यात गेलेला सापडत नाही. माणसं त्यांनी पुष्कळ दुखावली. कागद एकही खोटा केला नाही.

त्यांनी पेन टेकवलं. रेघेवर नाही, समासात, जिथे हेड क्लार्क शेरा मारतो. खूप वेळ लागला. गरिमामॅडमही वळून बघायला लागल्या, आणि अण्णांचा कान लाल झाला. शेवटी कागदावर होतं: उपरोक्त कथन असत्य है. खाली, प्रत्येक अक्षर दुसऱ्याशी भांडल्यासारखं, गोविंद दफ्तरदार. आणि तारीख.

“म्हणजे?” सीमंतिनीताईंचा टेकू गळून पडला.

“हं. मोजा घातला होता. माझा माझा. रोज पाच तास.”

“कसला मोजा? कुठून आणला?”

“गोमुखी.”

दौलतसिंहांच्या तोंडून एक आवाज निघाला, उकळतं दूध भांड्याबाहेर जावं तसा. सीमंतिनीताई हसल्या नाहीत. “चौदा महिने झाले मला, अण्णा. चौदा महिने एकेक माणूस गोळा करते आहे. उन्हात फिरून. आणि तुम्ही, तुम्ही तर रेकॉर्डवाले! कशासाठी केलंत?”

अण्णांनी काठीने दाराकडे दाखवलं. “ह्याला मोजा आणि मला नाही? ह्याला?”

“चिठ्ठी निघाली होती!”

“हं. माहीत आहे. आता माझा कागद ब गटातून काढा.”

“काढता येत नाही.” त्या आता दात आवळून बोलत होत्या. “ज्याला ज्या गटात टाकलं तो त्याच गटात मोजला जातो. नाहीतर उद्या मीच नको ते आकडे काढून टाकीन. तुम्ही ब मध्येच राहणार. फक्त वर नोंद लागेल, की या माणसाने नियम मोडला.”

“म्हणजे चुकीच्याच बस्त्यात?”

“चुकीच्याच बस्त्यात. वर चिठ्ठी लावून.”

अण्णांनी पेन टेबलावर ठेवलं. “हं. पद्धत बरोबर आहे,” ते म्हणाले. कोणाच्या कामाला त्यांनी बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सीमंतिनीताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. “आता जा,” त्या म्हणाल्या, आणि कागद असा ओढला की कोपरा फाटला.

घरी आजीला सांगावं लागलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, “माळ तरी होती का आत?”

“होती.”

“मग एखादा तरी जप झाला असेल.”

“हं. झाला. दौलतसिंहाच्या नावाचा.”

आजी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सुधाताईंना कोणी सांगितलंच नाही. त्या अजून येतात, कण घेऊन जातात.

*

पहिल्या तारखेला बँकेत पेन्शनवाल्यांची ही गर्दी. काउंटरवर तोच मुलगा. अण्णांनी स्लिपवर सही केली, उजव्या हाताने. मागे कोणीतरी “जल्दी करो भाई” म्हणालं, त्याला एक हं मिळाला.

मुलाने स्क्रीनवरची जुनी सही पाहिली. चाळीस वर्षांपूर्वीची, नागमोडी, खाली दोन झोकदार रेघा. मग स्लिप पाहिली. “बाबूजी, मिल नहीं रहा है.”

“मिलेगा कैसे? वो दूसरा आदमी था.”

“तो अंगूठा...”

“नया कार्ड निकालो.”

नवं कार्ड निघालं. तीन सह्या हव्या होत्या. तिन्ही एकमेकींसारख्या नव्हत्या, पण तिन्ही वाचता येत होत्या. आणि मग मुलगा म्हणाला, हीच ती व्यक्ती असं सांगणारा एक खातेदार पाहिजे, इथल्याच शाखेचा. घरचा नाही चालणार. बाबा मागे सरकले.

रांगेत चौथे होते दौलतसिंह मोरे. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते छताकडे बघत होते.

“हं. मोरे.”

छत.

“मोरे! इकडे या.”

“किसे बुला रहे हैं, साहब? मला नीट ऐकू येत नाही. झटक्यापासून.”

अण्णांनी काठी काउंटरला टेकवली. “दौलतसिंहजी,” ते म्हणाले. हं न लावता. “सही पाहिजे तुमची.”

“माझी? मुंगळा मेल्यासारखी असते.”

“तीच पाहिजे.”

दौलतसिंह रांग सोडून आले. उजव्या हाताने पेन घेतलं आणि कार्डावर सही केली, आरामात, सगळी रांग कण्हत असताना, एकेक अक्षर बसवत. दौलतसिंह मोरे. सुंदर नव्हती. खरंच जरा मुंगळ्यासारखी होती. अण्णांनी वाकून पाहिली, तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग दौलतसिंहांनी खिशातून काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. छोटा चौकोनी डबा, कागद आणि रिबिनीसकट. “हे तुमचं. वापरलं नाही कधी.”

अण्णांनी उजव्या हातानेच उचललं. रिबिनीची गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला, मागची रांग ओरडत होती, पण त्यांनी सोडली. कागद काढला, पॅडचं झाकण उघडून बोट लावलं.

“हं. वाळलंय.”

“वाळणारच,” दौलतसिंह म्हणाले. “आता सरका. माझा नंबर आहे.”